मोनालीची पट्टी

मोनालीनं बनवलेली कागदाची पट्टी पाण्यात बुडवली आणि पाण्यात फ्लोराइड जास्त असलं, की ती लाल व्हायची. बस्स, एवढंच. पण चंद्रपूरकडच्या तिच्या गावात भावाच्या पोरीचे पाय त्याच पाण्यानं फेंगडे झालेले. म्हणून अमेरिकेत पीएचडीला आलेली ही पोरगी त्या पट्टीपायी लॅबमध्ये मरमर राबली.

शोध युनिव्हर्सिटीच्या मालकीचा, हे तिला ठाऊक होतं. असे शोध कंपन्यांना लायसन्सवर देण्याचं तिथलं काम चारुदत्तकाकांचं. अहो, काका म्हणजे घरचेच! फ्रीमाँटच्या घरी बोलावून पुरणपोळीवर तूप वाढणारे.

"टेन्शन कशाला घेतेस? मोठी कंपनी घेतेय. अ‍ॅग्रीमेंट मी बघतो," ते म्हणाले. तिनंही मग काही विचारलं नाही. ज्याच्या ताटात जेवलो त्याला कलमं कशी विचारायची? डोंबलाचा हा भिडस्तपणा!

वर्ष उलटलं तरी पट्टी बाजारात येईना, तेव्हा ती काकांच्या ऑफिसात गेली.

"येणारच नाही," काका म्हणाले. "पाणी तपासायची महागडी मशीन विकतात ते. तुझी स्वस्त पट्टी दुसऱ्या कुणी काढू नये, म्हणून तर जगभरचे राइट्स घेतले."

"पण माल बाजारात आणायचाच, असं कलम असतं ना?"

"असतं. कंपनी म्हणाली ते कलम गाळा, मी गाळलं. नाहीतर डील गेलं असतं यार."

यार म्हणे! मोनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मी गावी भावालाच पट्ट्या पाठवते. लॅबच्या ड्रॉवरमध्ये पडल्यात."

"पाठव की. हक्क आता कंपनीचे, चोरी ठरेल. मग डिग्री जाईल, व्हिसाही जाईल. आणि तक्रार मलाच करावी लागेल." काकांनी फाइल मिटली. "शनिवारी ये गं, काकू श्रीखंड करणारेय."

रविवारी तिनं घरी फोन लावला. भाऊ पंडित खुशीत होता. "ताई, गावात दुसरी हापशी बसली! आता पोरीला पाणी जुनीचं देऊ का नवीचं? तू पट्टी धाडणार होतीस ना?"

पट्ट्या अजून ड्रॉवरमध्येच होत्या. डिग्री तोंडावर आली होती.

"नवीचं दे," मोनाली म्हणाली.

"न तपासताच कसं सांगतेस गं?"

"नवीचंच दे म्हणते ना!"

"बरं बाई," पंडित हसला, आणि तिथूनच बायकोला हाक मारून त्यानं घागर घेऊन नव्या हापशीवर जायला सांगितलं.