माझ्या अंगावर लिहिलेली मोटारचोरी

मी माकणीच्या बसथांब्यावरचा वार्ताफलक बोलतोय. आवाज जरा खाली गेलाय, समजून घ्या. लाजेनं माणसाचाही आवाज बसतो, मी तर साधा प्लायवूडचा.

धाराशिवच्या एका पेंटरनं मला काळा रंग देऊन वर पांढऱ्या अक्षरांत नाव घातलं आणि ग्रामपंचायतीनं इथं भिंतीला ठोकलं. माझ्यावर लिहिणारे राजशेखर गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. अक्षर मोत्यासारखं, आणि ते तसं आहे हे त्यांनाही पक्कं ठाऊक. उद्या नळाला पाणी नाही, धरणाचं पाणी कधी सुटणार, कुणाची मुलगी तलाठी झाली, हे सगळं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. एसटीची वाट बघणारी माणसं मला वाचत, चुका काढत आणि बोटाचा चुना माझ्याच चौकटीला पुसून जात.

मग गावच्या महांतप्पाचा व्हिडिओ आला. त्याची लेक चन्नम्मा दिल्लीला, पहिलं बाळंतपण. जावयानं पुण्याहून विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. विमान कंपनीनं जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेली, म्हणून तिची माणसं जागेवर बसलेल्या महांतप्पाला म्हणाली, उतरा. तो म्हणाला, "तिकीट हाय माझं. लेकीला दवाखान्यात न्हेलंय. म्या उतरनार न्हाय." दोघांनी काखेत हात घालून त्याला फरफटत नेलं. ओढाताणीत त्याचं धोतर सुटलं. ते सगळ्या देशानं पाहिलं.

गाव पेटून उठलं. गुरुजींनी माझ्यावर लिहिलं, 'महांतप्पाचा अपमान हा माकणीचा अपमान!' त्या दिवशी मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? कंपनीनंही कळवलं की आमचे साहेब गावात येऊन माफी मागतील. महांतप्पाला भरपाई नको होती. "धोतर समद्यांदेखत सुटलं, माफीबी समद्यांदेखत मागा," एवढंच त्याचं म्हणणं.

पण बातमी शिळी झाली की वाचणारे पाठ फिरवतात. चौथ्या दिवशी माझ्याकडं कुणी ढुंकून बघेना. गुरुजींना ते सोसलं नाही. त्यांना वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली आणि त्यांनी सुबक अक्षरांत लिहिलं, 'विमानातला महांतप्पा जुना मोटारचोर, सहा महिने कैद.'

आमच्याकडं मोटार म्हणजे पाणी उपसायची, विहिरीवरची. ती त्यानं खरंच चोरली होती आणि शिक्षाही भोगली होती. कुणीतरी माझा फोटो काढून पुढं पाठवला. शहरात मोटार म्हणजे गाडी! संध्याकाळपर्यंत आमचा महांतप्पा गाड्या पळवणाऱ्या टोळीचा म्होरक्या झाला. 'मग ओढला ते बरंच केलं,' असं लोक लिहू लागले. साहेबांचं येणं रद्द झालं. आणि ज्यांना मोटार म्हणजे काय हे चांगलं ठाऊक होतं, ती गावातली माणसंही माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "म्हनतेत तर आसंल कायतरी."

लिहिणारा हात दुसऱ्याचा, माझा काय दोष, असं मी म्हणू शकलो असतो. पण ती अक्षरं अंगावर घेऊन दिवसभर उभा मीच होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या गजराबाई काठी टेकत आल्या.

"गुर्जी, मोटार कुनाची गेल्ती?"

"तुमची, गजराबाई."

"मंग राग धरायचा तर म्या धरीन. ज्वारी माझी वाळली, तुमचं काय वाळलं? आन् मोटार चोरली म्हनून इमानाचं तिकीट खोटं व्हतंय व्हय?"

 गुरुजींनी खिशातला रुमाल काढला आणि मला पुसायला हात उचलला. तेवढ्यात लोहाऱ्याच्या एसटीतून महांतप्पा उतरला. आपल्याबद्दल काय पसरलंय ते त्याच्या कानावर आलं होतं.

"पुसू नका, गुर्जी. चोरी केली हे खरं हाय, सजाबी भोगली. ते ऱ्हाऊ द्या. निस्तं त्याच्याखाली लिवा, तिकीट माझं व्हतं."

गुरुजींनी लिहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं. महांतप्पानं दोन्ही ओळी वाचल्या, मान हलवली आणि घरी गेला.

माफी मागायला कुणी आलं नाही. परवा दिल्लीत नातीचं बारसं झालं. महांतप्पा गेला नाही. विमान राहू दे, रेल्वेतसुद्धा लोक ओळखतील म्हणाला. त्या दोन ओळी अजून माझ्या अंगावर आहेत. गुरुजी पुसत नाहीत, नवं काही लिहीतही नाहीत. मधे एकजण आला, फोन वर धरून फोटो काढून गेला. त्यात वरचीच ओळ आली.

बाबांनो, माझा फोटो जरूर काढा. फक्त दोन्ही ओळी मावतील एवढं जरा मागं सरका.