सेव्ह झालं म्हणे

आज ऑपरेशनमध्ये आईचा आवाज जाणार होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, जीव वाचेल, पण बोलणं संपेल. म्हणून मुलाने सकाळीच तिला माइकसमोर बसवलं. रेकॉर्डिंग हाच त्याचा धंदा. जगाचे आवाज टिपत बसतो, मग आईचा नको? तिनेही हातचं राखलं नाही. त्याला आणि त्याच्या ताईला हाका मारल्या, ठेवणीतल्या शिव्या दिल्या, शेजारणीची नक्कल करून स्वतःच खळखळून हसली. शेवटी घसा पार बसला.

आता ह्या शहाण्याने काय करून ठेवलं होतं बघा! त्याची जुनी हार्ड डिस्क रडतखडत लिहायची, रेकॉर्डिंग मध्येच अडकायचं. म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन राइट कॅशिंग चालू केलं. म्हणजे काय, तर कॉम्प्युटर सगळं आधी तात्पुरत्या मेमरीत घेतो, 'झालं' म्हणून मोकळा होतो आणि डिस्कवर मागाहून सवडीने उतरवतो. मध्येच वीज गेली, तर उतरवायचं राहिलेलं गेलंच. तशी सूचना तिथे होती. त्याने वाचली आणि खुशाल पुढे गेला, कारण काम सुसाट व्हायला लागलं होतं.

'सेव्ह झालं' असं पडद्यावर दिसलं, तसा तो बॅगा घेऊन खाली पळाला. इकडे आईने चपला घातल्या. घर सोडताना खोलीखोलीतून फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, ही तिची जन्माची सवय. तिने ह्याही खोलीतलं बंद केलं.

तो वर आला, तर पडदा काळा. बटण बंद दिसलं, तेव्हा काय झालं ते त्याला कळलं. त्याने मशीन सुरू केलं. फाइलला नाव होतं, आत काहीच नव्हतं. खाली गाडीत बसलेल्या ताई हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.

"आलं ना रे नीट?" आईने दारातून विचारलं. आवाज कसला, नुसती घरघर.

खरं सांगावं, तर आपल्याच हाताने घालवलं म्हणून ती मनाला लावून घेणार, आणि तशीच ऑपरेशनला जाणार. गप्प बसावं, तर तिचा आवाज पुन्हा कधी मिळायचा?

"माझ्यामुळे गेलं, आई," तो म्हणाला. "सेटिंग मी चुकवलं. परत बोलशील? थोडंसंच."

"मेल्या, लोकांची कामं पण अशीच करतोस का?" ती चपलांसकट खुर्चीत बसली.

त्याने कॅशिंग काढून टाकलं आणि माइक तिच्या ओठांशी नेला. तिने ताईला हाक मारली, मग त्याला. हाक अर्ध्यावरच चिरकली. सकाळचं हसू कुठून आणायचं?

"एकदा हस ना, आई."

"सांगितल्यावर हसू येतं का रे?" असं म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

तोही रडत होता, पण रेकॉर्डिंग त्याने थांबवलं नाही.