हीतचं नाक

झऱ्याच्या उतारावर सुहामने चहाची किटली दगडावर टेकवली, नाकावरून घट्ट बांधलेली ओढणी सोडली आणि खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही.

"अम्मा," तिने टेकाडामागे काटक्या वेचणाऱ्या सासूला हाक दिली, "आज वास नाही."

सासूचं, म्हणजे उम्म नाजीचं, हसणं वरून ऐकू आलं. "लागलं एकदाचं हीतचं नाक. मला वाटलं, मोसुलची चिक्कू माणसं, माहेरचं नाक कसली सोडताहेत. संध्याकाळी खजूर वाटते."

सुनेला डांबराच्या झऱ्याचा वास येईनासा झाला की सासूने खजूर वाटायचे, अशी त्यांच्या आळीची रीत. सुहामला ते अजून साधलं नव्हतं. सडक्या अंड्यांचा तो दर्प भाकरीत असायचा, उशीत असायचा, नवऱ्याच्या, नाजीच्या केसांत असायचा. त्या काळी फुरात नदीवरच्या होड्यांना हीत गावचंच डांबर लागे. त्याला सगळे कीर म्हणत, आणि कीर शिजते आहे तोवर घर सुखात, असं मानत.

सुहामही हसली. मग तिचं हसू अर्धवटच राहिलं.

टेकाडावर वास होता. उताराच्या मध्यावर तर डोळ्यांतून पाणी आलं होतं. सवय अशी चार पावलांत लागत नाही.

लग्नाआधी ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. जमिनीखाली तेलाला जंतू लागतात, हे फळ्यावर काढून दाखवायची. हलकं, पातळ, सरळ साखळ्यांचं तेवढं ते आधी खातात. मागे उरतं ते जड, चिकट, आंबट. या खाण्यातून सुटणाऱ्या वायूची घाण येते, पण थोडा असेल तरच. फार झाला की तो आधी नाक मारतो, मग माणूस.

वारा पडला होता. धुकं खळग्यात साचलं होतं. आणखी खाली, झऱ्याच्या काठाशी नाजी ओल्या हातांनी कीर गुंडाळत होता.

"नाजी, वर चल."

"चहा इथेच आण. डोकं धरलंय माझं."

"आधी वर चल."

"मास्तरीणबाई, मऊ आहे तोवर गोळा करू दे. दगड झाल्यावर काय तुझ्या फळ्याला फासू?"

त्याची जीभ जड झाली होती. समजावायचं तर श्वास घ्यावा लागणार होता. तो कोसळला तर आपल्याच्याने उचलवणार नाही, हे तिला दिसत होतं.

"अम्मा पडल्यात," ती म्हणाली. "टेकाडामागे. उठत नाहीयेत."

नाजीने हातातला गोळा टाकला. चढताना तो घसरला, तेव्हा श्वास कोंडून तिने त्याला पाठीमागून रेटलं. वर वाऱ्यात येताच तो ओणवा झाला आणि ओकला.

त्याने मान वर केली, तेव्हा समोरून उम्म नाजी येत होती. डोक्यावर काटक्यांचा भारा, चाल ताठ.

नाजीने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. "हे काय?"

सुहामने ओढणी पुन्हा नाकावर ओढली. उम्म नाजीने सुनेचा चेहरा पाहिला, लेकाचे लाल डोळे पाहिले, खालचं न हलणारं धुकं पाहिलं. तिने भारा हळूच खाली उतरवला आणि गुडघा धरून जमिनीवर बसली.

"पडले रे," ती म्हणाली. "कशीबशी उठले होते. मला धरून घरी ने. आणि आज मला सोडून कुठे जायचं नाही."