मला हात लावलात तरी चालेल

मी मोरिवलीतल्या एका भिंतीवरून बोलतोय. मी चित्र आहे. पण माझ्यात ना डोंगर, ना झोपडी, ना मोर. पाहुणे मान वाकडी करून विचारतात, "हे नक्की काय आहे हो?" मला तरी कुठे ठाऊक!

मीनलने मला घडवलं सत्त्याऐंशी साली, चिमी पोटात असताना. जुन्या फळीवर गोणपाट ताणलं. त्यावर खळीने साडीचे काठ, काडेपेट्यांचे कागद, उल्हासनगरच्या जीन्सची निळी कातरणं चिकटवली. मधेमधे गेरू फासला आणि पितळी बटणं दोऱ्याने शिवली.

तिची रीतच वेगळी. आधी काही ठरवायचं नाही. कुकर लावायचा आणि शिट्या होईपर्यंत माझ्यासमोर बसायचं. एखादी चिंधी इथे ठेव, तिथे ठेव. "इथे हिला करमत नाहीये," म्हणून परत उचलायची. चुकलं तर खोडायचं नाही, त्यावरच दुसरं काही लावायचं.

सासूबाई, वेणूबाई, पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "त्यापेक्षा गोधडी शिवली असतीस तर येणाऱ्या बाळाला झाली असती."

"आई, गोधडी भिंतीवर लावली की तिला चित्र म्हणतात."

"का? भिंतीला थंडी वाजते?"

आणि दोघी खुदखुदायच्या.

चिमी दीड वर्षाची झाली. पलंगावर उभी राहून माझं अंग चाचपायची. मला फार आवडायचं ते. एका दुपारी तिने एक बटण ओढलं, दोरा तुटला आणि बटण घसरून गोणपाटाच्या दुमडीत गेलं. चिमीच्या तोंडात चुरमुरे होते. तिला ठसका लागला.

मीनल धावत आली. लोंबता दोरा पाहिला आणि किंचाळलीच. "आई, हिने बटण गिळलं!"

"केळं भरव, केळं! रडत काय बसलीस?" म्हणता म्हणता वेणूबाईंचाच आवाज कापत होता.

अहो, बटण माझ्यापाशी आहे! पण मला तोंड कुठे?

डॉक्टरांनी पोरीला तपासलं म्हणे. "श्वास ठीक आहे. लक्ष ठेवा, धाप लागली तर लगेच आणा." घरी आल्यावर मीनल चिमीच्या छातीवरची नजर हलवेना. मग एकदम उठली आणि माझ्यावरची बटणं ओरबाडायला लागली. "एकसुद्धा ठेवत नाही मेलं!" दुमडी उसवली, तेव्हा ते हरवलेलं बटण टपकन् खाली पडलं.

तिने ते उचलून मुठीत घट्ट धरलं. रडतेय की हसतेय तेच कळेना. चिमी मात्र टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी मीनल खळ शिजवून आली, मोकळ्या जागा झाकायला. स्वयंपाकाच्या धुराने मी काळवंडलो होतो. बटणांखाली तेवढा मूळचा रंग गोल गोल उरला होता. तिचा हात थांबला. मागून वेणूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. आत्ता कुठे मला त्यात काहीतरी दिसायला लागलंय."

"काय दिसतंय?"

"ते विचारू नकोस बाई."

तेव्हापासून मीनल चित्र पुरं झालं की त्यातलं काहीतरी एक काढून घेते. काय काढायचं ते मात्र तिचं लवकर ठरत नाही.

चिमी आता शाळेत जाते. तुम्ही कधी या घरी आलात, तर माझ्यापासून लांब उभे राहू नका. मी कशाचं चित्र आहे, हेही विचारू नका. खुशाल हात लावा. टोचेल, निघेल असं काही उरलेलं नाही. मीनल अजून रोज बोट फिरवून बघते.