तळाशी राहिलेले दोन चमचे

मी एक जुना सिमेंटचा ठोकळा आहे. एका लहानशा कारखान्याच्या अंगणात, नळाखाली पडून असतो. माझी एकच बाजू घासून गुळगुळीत केली आहे. तिच्यात मधाच्या रंगाचे काचेचे तुकडे चमकतात. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, काय सुंदर दगड!" ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मित्रांनो, माझ्यामुळे एका कष्टाळू घराचा घास गेला. मनावर दगड ठेवून सांगतो म्हणावं, तर मी स्वतःच दगड!

माझा पहिला जन्म बाटलीचा. खोकल्याचं औषध भरून मला एका घरी आणलं. तिथली लहानगी खोकून खोकून बेजार झाली होती. "गोड आहे ना?" असं विचारून मगच ती तोंड उघडायची. देवाची कृपा, पाच दिवसांत पोर टुणटुणीत झाली. घरातल्यांनी माझे काय गुण गायले! मग टोपण घट्ट लावून मला फळीवर मागे सारलं. तळाशी दोन चमचे औषध तसंच राहिलं. वर्षभरानं माझी रवानगी कचऱ्यात झाली, आणि तिथून एका पोत्यात.

ते पोतं या कारखान्यात आलं. इथे एक म्हातारे मिस्त्री आणि त्यांची सून रंगीत सिमेंटच्या फरशा घडवतात. बाजारात चकचकीत तयार फरशा आल्या आणि मिस्त्रींचं काम आटत गेलं. तेव्हा सूनबाईनं युक्ती काढली. टाकून दिलेल्या बाटल्या फोडायच्या, चुरा चाळायचा, पांढऱ्या सिमेंटमध्ये रंगासोबत कालवायचा, आणि घट्ट झालं की घासायचं. घासल्यावर काच अशी उजळायची की बघणाऱ्यानं पाय ठेवायला कचरावं.

सूनबाईचा एक नेम होता. फोडण्याआधी प्रत्येक बाटली ती तीन पाण्यांनी धुवायची. शेवटचं पाणी चिमटीत चोळून बघायची, चिकट तर लागत नाही ना.

"साखरेचा अंश राहिला तरी सिमेंट रुसतं, मामंजी. धरतच नाही."

"चाळीस वर्षं सिमेंट कालवतोय, मला शिकव तू," मिस्त्री सासरे हसायचे. "न्हाऊ घालून झालं असेल तर आता भांगही पाड त्यांचा!"

एकदा त्यांना इस्पितळाचं काम मिळालं. दारापासून मुलांच्या वॉर्डापर्यंत, लांबच लांब बोळातून, जमिनीत मधाच्या रंगाचा पट्टा ओतायचा होता. कल्पना सूनबाईचीच. तापानं फणफणलेल्या लेकीला छातीशी धरून ती एकदा त्याच बोळात तीन चुकीची दारं ठोठावून आली होती. पाट्या वाचायचं भान कुणाला असतं? पट्टा असला की आईनं नुसतं त्यावरून चालत सुटावं. काम चांगलं उतरलं तर तिन्ही मजले मिळणार होते. बिघडलं तर कारखान्याला टाळं लागायची पाळी.

ओतायच्या दिवशी चुरा कमी पडला. सूनबाई इस्पितळात पट्ट्याच्या कडा बसवत होती. मिस्त्रींनी शेवटच्या पोत्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "काच ती काच," ते पुटपुटले, आणि पोतं न धुताच फोडायला घेतलं. त्यातच मी होतो. मित्रांनो, मी किती ओरडलो! पण काचेला आवाज फुटतो तो तुटतानाच, आणि ते बोलणं आहे असं कुणाला वाटत नाही. माझा चुरा झाला, सिमेंटमध्ये कालवला गेला आणि बोळातल्या पट्ट्यात ओतला गेला.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं पट्ट्यावर अंगठा दाबला. तो लोण्यात रुतावा तसा आत गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. तिनं कारखान्यात येऊन रिकामं पोतं झटकलं. एक टोपण घरंगळत बाहेर आलं, आतून औषधानं चिकट झालेलं.

"मामंजी, हे पोतं धुतलं होतं ना?"

मिस्त्रींची मान खाली गेली. "घाई होती गं पोरी."

इस्पितळाच्या साहेबांपुढे मात्र ते हात जोडून उभे राहिले. "चूक माझी, साहेब. हिचा काडीचा दोष नाही. आठ-दहा दिवस द्या, धरेल ते."

"सोमवारी पाहुणे यायचेत. चिखलात उभं करू त्यांना?"

"मी राखणीला बसतो, साहेब. पाय नाही पडू देत कुणाचा."

"दोष कुणाचा हे विचारलंय का मी? उचला हे सगळं."

सूनबाईनं स्वतःच्या हातानं मला थापीनं खरवडलं आणि घमेल्यात भरलं. कारखान्यामागे माझा ढीग झाला. देवा, आता तरी मला धरू दे, असं मी विनवत राहिलो. देवानं ऐकलं, पण अकराव्या दिवशी. मिस्त्रींनी सहज हातोडी मारली आणि मी टणकन वाजलो. त्यांनी पुन्हा एकदा मारून पाहिली.

"सूनबाई... अगं, धरलं गं हे! धरलं!"

ती आली, माझ्यावरून हात फिरवला, आणि आत गेली. इस्पितळात तोवर साध्या पांढऱ्या फरशा बसल्या होत्या.

मिस्त्रींनी माझी एक बाजू घासून काढली आणि मला नळाखाली ठेवलं. आता बाटल्या तेच धुतात, माझ्यावर टेकवून. काम नाही म्हणून घासायच्या यंत्रावर पोतं पडलेलं आहे. परवा सूनबाई इस्पितळातून आली ती सांगत होती, "एक बाई लेकरू घेऊन बोळात नुसती धावत होती, मामंजी. मुलांचा वॉर्ड कुठे, मुलांचा वॉर्ड कुठे..." मिस्त्रींनी नळ मोठा सोडला.

एका शाळेनं एक पायरी करून मागितली आहे. एकच. ती बिघडली तर सगळं संपलं. मिस्त्रींना आता नीट दिसत नाही. तीन पाण्यांनी धुतात, चिमटीत चोळतात, आणि स्वतःच्या बोटांवर विश्वास न बसून पुन्हा धुतात.

मित्रांनो, औषध संपो, सरबत संपो, बाटलीत चूळभर पाणी घाला, खळखळून हलवा आणि ओतून द्या. मी तुमच्या पाया पडतो, एवढं करा.

आज नवं पोतं आलं आहे. मिस्त्रींनी पहिली बाटली हातात घेतली आहे. टोपण घट्ट बसलंय, निघता निघत नाही. तळाशी काहीतरी हलतंय.

ती तुमच्या घरची तर नाही ना?