पंधरा टक्क्यांचं भाकीत

आमच्या सुमंतसरांचा एक सिद्धांत आहे: गिऱ्हाइकाला खरं सांगितलं की ते घरी जातं, आकडा सांगितला की चेक फाडतं. रामदासपेठेतल्या त्यांच्या गुंतवणूक सल्ल्याच्या ऑफिसात मी जगभरच्या बाजारांचा अभ्यास करते. दर जानेवारीत सर हॉल घेतात, तर्री-पोहे ठेवतात आणि लोकांना येत्या वर्षाचा जागतिक बाजार सांगतात. यंदा बोलायला मला उभं केलं.

माझ्या भाषणाच्या शेवटी त्यांनी स्वतः एक ओळ घातली होती: परदेशी फंडात वर्षभरात पंधरा टक्के, नक्की.

"सर, ते 'नक्की' काढा ना. अमेरिकेचे व्याजदर, रुपया, लढाया, कोणाले काय माहीत?"

"मले समजत नाही का ते? पण भेंडवळले घट मांडून पावसाचं भाकीत सांगतेत, तिथं गर्दी काहून होते? लोकायले भाकीत पाहिजे, मेघा. तू फक्त वाच."

मी चिडले, पण कागद उचलला. पगारापुढे शहाणपण चालत नाही.

हॉलमध्ये गेले तर पहिल्या रांगेत अंजनामावशी! उमरेडहून एसटीने आली होती, ठेवणीतली साडी नेसून. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म रात्रपाळ्या केलेली माझी सख्खी मावशी.

"रिटायरमेंटचा सगळाच पैसा लावून राहिली मी," ती म्हणाली. "बाजार-बिजार मले समजत नाही वं. पण माही मेघा सांगणार आहे ना!"

तिचा भरवसा बाजारावर नव्हताच, माझ्यावर होता.

व्याजदर झाले, सोनं झालं, रुपया झाला. शेवटची ओळ आली. सुमंतसर दारापाशी फॉर्मचा गठ्ठा घेऊन तयार होते. मी कागदाची घडी घातली.

"येत्या वर्षी काय होईल, मले माहीत नाही," मी म्हणाले. "आणि जो माहीत आहे म्हणतो, त्याले मागच्या जानेवारीचं विचारा. याच हॉलमध्ये बारा टक्के नक्की सांगितले होते. झालं उलटंच, लोकांचे पैसे कमी झाले. दहा वर्षं लागणार नाहीत असे थोडे पैसे खुशाल परदेशात ठेवा. म्हातारपणाची पुंजी मात्र कोणाच्याही आकड्यावर लावू नका. माह्याही नाही."

सरांनी धावत येऊन माइक बंद केला. "उद्यापासून येऊ नको!"

"नाही येणार!" माझा आवाज माइकशिवायही मागच्या रांगेपर्यंत गेला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मान काही खाली जाईना.

सर तसेच मावशीकडे वळले. "मावशी, पोरीचं मनावर घेऊ नका. इथं सही करा."

मावशीने फॉर्म त्यांच्या हातात परत ठेवला. "मी पोरीसाठीच आली होती, साहेब. ती नाही म्हणाली, विषय संपला." मग माझा हात धरून म्हणाली, "रडून काहून राहिली वं? पुढच्या वर्षी माह्या अंगणात बोल. हॉलचं भाडंही नाही लागत."

बाहेर पडेपर्यंत मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी मावशीला उमरेडचा पत्ता विचारला होता.

तेव्हा येत्या जानेवारीत मी उमरेडला बोलणार आहे. पहिलं वाक्य तयार आहे: मले माहीत नाही. सुमंतसरांनाही आमंत्रण देईन. तर्री-पोहे मावशीचे.