दोन चमचे पोर्ट

पोर्टमध्ये सोडा घालणाऱ्या माणसाशी मी दीड वर्ष बोललो नाही. तो माझा सख्खा मेव्हणा, देवव्रत. मुलुंडला आमच्या घरी जेवायला आला होता. वीस वर्षं पिंपात मुरलेली पोर्ट मी त्याच्यापुढे ठेवली, आणि आतून चकल्या आणेपर्यंत याने ग्लासात सोडा ओतला, वर बर्फ टाकला आणि म्हणाला, “भारी आहे रे, कोकम सरबतासारखी लागते.” मी चकल्या तशाच परत आत नेल्या. बायको, क्षमा, नंतर म्हणाली की तुला किळस यायला काही कारण लागत नाही. हे खोटं आहे. कारण लागतं, पण लोक ते पुरवत असतात.

पोर्ट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बहुतेकांना त्यातलं ओ की ठो कळत नसतं. पोर्तुगालात द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात ब्रँडीसारखं कडक मद्य ओततात. आंबणं थांबतं, द्राक्षाची साखर तशीच राहते आणि जे उरतं ते गोड, जड आणि चढणारं असतं. चांगल्या सालची असेल तर बाटलीत चाळीस-पन्नास वर्षं मुरते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात ‘पोर्ट वाइन’ म्हणून जी लालभडक बाटली मिळते, तिचा आणि हिचा संबंध आमरसाचा आणि आंब्याच्या गोळीचा असतो तेवढाच.

मला खरी पोर्ट भेटली ती पोर्तो शहरात. पवईच्या आमच्या कंपनीने तीन आठवड्यांच्या कामाला पाठवलं होतं. तिथे नदीपलीकडे जुनी तळघरं आहेत. एका म्हाताऱ्याने ग्लासच्या तळाशी बोटभर ओतून दिली. आधी सुकं अंजीर आलं, मग अक्रोड, आणि मग काहीतरी जुनं, गावच्या लाकडी पेटाऱ्यात ठेवलेल्या लुगड्यांसारखं. मी गिरणी कामगाराचा मुलगा. आमच्या लालबागच्या खोलीत वास म्हणजे सुकट आणि रॉकेल. एका घोटात एवढं सगळं असू शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. परत येताना १९८५ची एक बाटली आणली, कारण तेच माझं जन्मसाल.

मग नादच लागला. परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणायची मुभा असते, त्यामुळे ऑफिसातलं कोण कुठे चाललंय यावर माझी नजर असायची. कुणाला पत्ता लिहून द्यायचा, कुणाला बाटलीचा फोटो पाठवायचा, आणि तरीही लोक पिशवीभर चॉकलेट घेऊन हात हलवत परत यायचे. बाटल्यांसाठी काचेच्या दाराचा एक फ्रिज घेतला. आत कायम चौदा अंश, बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. फ्रिज हॉलमध्ये आईच्या शिलाई मशीनच्या जागी बसला आणि मशीन माळ्यावर गेलं. इन्व्हर्टर घेतला तोही त्या फ्रिजसाठी. लाइट गेली की आईचा पंखा थांबायचा आणि फ्रिज चालू असायचा. हे तेव्हा मला खटकलं नाही.

पवईला महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ शौकीन जमायचो. घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा आणि मधोमध ठेवलेल्या स्टीलच्या बादलीत थुंकायचा, कारण सगळं प्यायलं तर चौथ्या बाटलीला जीभ काम करत नाही. तिथेही माझं डोकं फिरायचंच. एक जण सेंट मारून यायचा. दुसऱ्याला प्रत्येक ग्लासात चामडं आणि सिगारची पेटी सापडायची, आणि गड्याने आयुष्यात विडीसुद्धा ओढली नव्हती. नाक असलेला तिथे मी एकटा. डोळे बांधून चारपैकी तीन बाटल्या ओळखल्या होत्या. घरातही, डाळ आंबायला लागली तर क्षमाच्या दोन तास आधी मला कळायचं. “कुत्रा पाळायला नको,” ती म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

आईला, म्हणजे प्रेमाला, कंपवात होऊन सहा वर्षं झाली. आधी हात थरथरायचे, मग चालणं गेलं, मग चेहऱ्यावरचं हसणं-रुसणं गेलं. आता गिळणं चाललं होतं. गोळी दिल्यावर दोनेक तास अंग जरा मोकळं व्हायचं, तेवढ्यात खाणं-पिणं उरकायचं. तिचं सगळं बाबा करत. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. गिरणी गेल्यावर मरोळच्या एका कारखान्यात राबले, आणि आता सकाळी सहापासून आईचं तोंड पुसणं, पेज भरवणं, डायपर बदलणं. मदतीला क्षमा. मी डॉक्टर बघायचो, औषधं मागवायचो आणि दारात उभा राहून विचारायचो, “जेवली का? झोपली का?” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. खोलीत शिरलं की लाळेचा, औषधी तेलाचा आणि त्या डायपरचा वास यायचा, आणि मला उलटी येईल असं वाटायचं. चाखायच्या दिवशी तर मी त्या बाजूला फिरकायचोच नाही. नाक जपायचो.

गणपतीत डॉक्टर म्हणाले, “दिवाळीच्या आधी नाकातून नळी घालावी लागेल. मग तोंडाने काही नाही. तोवर जे मागतील ते द्या, थोडं थोडं, ठसका लागू नये म्हणून घट्ट करून, चमच्याने.”

आईला विचारलं. मला वाटलं, सोलकढी म्हणेल, नाहीतर घावणे. तिने बराच वेळ घेतला. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की बाबांनी कान तोंडाशी नेला आणि आम्हाला सांगितलं, “पोर्ट व्हयी म्हणता. तू झालंस तेवा दिलेली ती.”

गोष्ट अशी की मी झालो तेव्हा आई फार अशक्त होती. बाळंतिणीला रक्त भरून यावं म्हणून शेजारच्या फर्नांडिसबाईंनी पोर्ट द्यायला सांगितली. संप होऊन गेलेला, घरात काही नव्हतं, तरी बाबा कुठूनतरी एक बाटली घेऊन आले, आणि रोज संध्याकाळी दोन चमचे असे सव्वा महिना आईला दिले. आई म्हणायची की अख्ख्या आयुष्यात तिने स्वतःसाठी म्हणून घेतलेली चैन तेवढीच.

क्षमा लगेच म्हणाली, “कोपऱ्यावर मिळते ना ती. घेऊन ये एक बाटली, विषय संपला.”

“ती पोर्ट नाही गं. खोकल्याचं औषध आहे ते. रंग आणि साखर.”

“मग खोकल्याचं औषध आण. त्यांना तेच हवंय.”

“माझ्या घरात ते आणायचं नाही,” मी म्हणालो. “आई आयुष्यात शेवटचं काही चाखणार, आणि ते हे? माझ्याकडे पंच्याऐंशीची आहे. मी झालो त्या सालची. नऊ ऑक्टोबरला माझा वाढदिवस. त्या दिवशी उघडू.”

“अजून पाच आठवडे आहेत.”

“चाळीस वर्षं थांबलीय ती,” मी म्हणालो. बाटलीबद्दल बोलत होतो.

बाबांनी फडकं उचललं. आईच्या हनुवटीवरची लाळ पुसत राहिले. ते पुसणं बघवेना म्हणून मी हॉलमध्ये निघून गेलो.

नऊ ऑक्टोबरच्या आठ दिवस आधी मी बाटली फ्रिजमधून काढून उभी केली. इतक्या वर्षांत तिच्यात गाळ साचतो, तो तळाशी बसावा लागतो. कुणी दार आपटायचं नाही, मिक्सर त्या ओट्यावर लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. बाबा रोज तिच्याकडे बघत आणि आईच्या खोलीत जात. मधल्या काळात आई खालावली होती. पेजेचा अर्धा वाडगा आता चार-पाच चमच्यांवर आला होता. मी दारातून सांगायचो, “आई, तीनच दिवस हं.” ती पापण्या मिटायची. मला वाटायचं, वाट बघतेय.

त्या दिवशी मी सुट्टी काढली. साडेतीनला तिला गोळी दिली. चार ते सहा अंग मोकळं राहणार होतं. मी चारला बूच काढायला घेतलं. ते मधोमध तुटलं. उरलेलं आत गेलं आणि त्याचा भुगा तरंगायला लागला.

“चायची गाळणी हाडू काय?” बाबांनी विचारलं.

“बाबा, प्लीज. चहाचा वास लागेल तिला.”

मी मलमलीचं फडकं शोधलं, ते साध्या पाण्याने तीनदा धुतलं, कारण साबणाचा वास येत होता. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून, गाळ दिसतो का बघत, धार बारीक ठेवून काचेच्या भांड्यात ओतायला लागलो. बाबा दारात येऊन घड्याळ बघून जात होते. एकदा म्हणाले, “पाच वाजले.” मग म्हणाले, “साडेपाच झाले, नितेश.” मी म्हणालो की जरा हवा लागू दे तिला. पावणेसहाला मी नाक घातलं आणि सगळं विसरलो. अंजीर, अक्रोड, तोच लुगड्यांचा पेटारा. खराब झाली नव्हती. उत्तम होती.

उंच दांड्याच्या छोट्या ग्लासात घालून मी ती आत नेली. बाबा म्हणाले की चमच्याने दे, घट्ट करायची पावडर घाल. मी ऐकलं नाही. पंच्याऐंशीच्या पोर्टमध्ये पावडर? आईची मान धरली आणि ग्लास ओठांना लावला. ती आखडायला लागलीच होती. काच दातांवर आपटली. थोडी आत गेली, बाकीची हनुवटीवरून लाळेबरोबर खाली गळ्याच्या फडक्यावर. आई खोकली. खोकतच राहिली. बाबांनी तिला पुढे वाकवून पाठ चोळली.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं, वाया गेली. आई निळी पडत होती आणि मी फडक्यावरचा डाग बघत होतो. ओलं, बुळबुळीत फडकं बघून माझं तोंड वळलं. पवईच्या बादलीत सात जणांची थुंकी बघून ते कधी वळलं नव्हतं.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, “कडू हा.” मग माझ्याकडे बघून, “बरी हा. बरी हा.” आणि तिचे डोळे खाटेच्या कडेवरून खाली गेले आणि मग बाबांवर थांबले.

“बस झाला आता,” बाबा म्हणाले. ते खाली वाकले. खाटेखाली डायपरचा खोका असतो. त्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक छोटी बाटली बाहेर काढली. कोपऱ्यावरच्या दुकानातली, लालभडक, अर्धी संपलेली.

मी विचारलं, “कधीपासून?”

“गणपतीपासून. रोज दोन चमचे.”

“पहिली मी आणली होती,” दारातून क्षमा म्हणाली. “ही दुसरी आहे.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुका किळस येता, ता तिका म्हायत हा,” बाबा म्हणाले. “‘झिलाक सांगू नकात’ म्हणाली.”

“आणि ठेवायची ती या खोक्यात?”

“थंय तुझो हात जावचो नाय, म्हणान थंय ठेवलंय.”

रागाने बोलले नाहीत. साखरेचा डबा कुठे आहे हे सांगावं तसं बोलले. पावडर मिसळून त्यांनी वाटीत ती घट्ट केली.

पाच आठवडे. रोज संध्याकाळी माझ्या आईच्या तोंडाला साखरेचा आणि दारूचा वास येत होता, इतका भडक की रस्त्यावरच्या माणसालाही कळला असता. डोळे बांधून बाटल्या ओळखणाऱ्या मला तो आला नव्हता. यायला एकदा तरी जवळ जावं लागतं, आणि पाच आठवड्यांत मी एकदाही गेलो नव्हतो. आयुष्यभर मला दुसऱ्यांची शिसारी आली. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची आली, आणि ती बाकीच्या सगळ्यांपेक्षा उग्र होती.

मी बाबांच्या हातून चमचा घेतला. खाटेच्या कडेवर बसलो. आई घाबरल्यासारखी वाटली, मी इतक्या जवळ असायची तिला सवय नव्हती. सगळे वास एकदम आले, लाळ, तेल, डायपर. मी बसून राहिलो. चमचा तिच्या ओठाला लावला आणि बाबांनी खुणेने सांगितलं तेवढा वेळ थांबलो. तिने गिळलं. एका चमच्याला एक मिनिट लागलं असेल.

“वास येता रे?” तिने विचारलं. माझ्यासाठी विचारत होती.

“येतो,” मी म्हणालो. “राहू दे.”

हनुवटीवर ओघळलेला थेंब मी अंगठ्याने पुसला. फडकं हाताशी नव्हतं, म्हणून अंगठा तोंडात घातला. रंग आणि साखर, खोकल्याचं औषधच ते. माझं मत बदललं नाही. मी दुसरा चमचा भरला.